शनिवारची बैठक चालू ठेवावी का?

परवा आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी जिन्यातच गाठलं. "काय हो, तुमचं ते शनिवारचं पैशांचं असतं, ते पुढच्या वर्षी आहे ना? नसेल तर हॉल योगावाल्यांना देऊन टाकतो." म्हटलं, रविवारपर्यंत सांगतो. आज रविवार. सकाळचे पोहे झाले, बायको मंडईत गेलीय, आणि मी हा विचार करत बसलोय.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडा इतिहास. जानेवारी २००७. हिंजवडीतलं आमचं ऑफिस. पगार विभागाचा निरोप यायचा की अमुक तारखेपर्यंत गुंतवणुकीचे पुरावे जमा करा, नाहीतर फेब्रुवारी-मार्चच्या पगारातून कर कापू. की लगेच धावपळ! ८०सी कलम २००५ च्या अर्थसंकल्पातून आलेलं, एक लाखाची मर्यादा. पंचविशीतली पोरं, हातात पहिल्यांदाच बरा पगार, आणि कॅन्टीनच्या बाहेर एजंट उभे. कोण कुठली युलिप घेतोय, कशासाठी घेतोय, पत्ता नाही. माझे वडील पोस्टात होते, त्यामुळे एनएससी, पीपीएफ, किसान विकास पत्र हे शब्द मी लहानपणी श्लोकांसारखे ऐकलेले. मी एका मित्राला टिश्यू पेपरवर पीपीएफ समजावून सांगितलं. पुढच्या आठवड्यात चौघे आले. मग मी एक एक्सेल केली. (संगणकवाल्याला दुसरं काय सुचणार!) २०११ पासून ही बैठक कोथरूडला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये भरते. महिन्याचा पहिला शनिवार, संध्याकाळी पाच, चहा माझा. एकेकाळी पस्तीस खुर्च्या कमी पडायच्या. या जानेवारीत सहा जण आले. त्यातले दोघे योगासाठी आले होते. :)

तर आता प्रश्न असा, की हे दुकान बंद करावं का?

बंद करावं असं म्हणायला भरपूर कारणं आहेत. पहिलं म्हणजे मी जे सांगायचो त्यातलं निम्मं सरकारनेच रद्दी करून टाकलं. ८०सीची मर्यादा २०१४ मध्ये दीड लाख झाली, तेव्हा मी एक्सेलचा एक खाना बदलला आणि झालं. पण २०२० च्या अर्थसंकल्पाने नवी करप्रणाली आणली, २०२३-२४ पासून तीच आपोआप लागू होणारी झाली, आणि २०२५-२६ पासून पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत करच नाही. आता त्या पंचविशीतल्या पोराला जानेवारीत घाम फुटत नाही. पुरावे कसले न् काय. त्यात १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे आकडेच बदललेत. 'ऐंशी सी' हा शब्द आमच्या पिढीबरोबरच जाणार, 'आणा' गेला तसा.

याचं मला वाईट वाटतं का? थोडं वाटतं. ८०सीच्या नावाखाली नको त्या पॉलिसी खपल्या हे खरंच. युलिपवाल्यांचा तर सुळसुळाट होता, शेवटी सप्टेंबर २०१० मध्ये विमा नियामकाने खर्चांवर मर्यादा घातली आणि किमान मुदत तीनाची पाच वर्षं केली. पण त्याच धाकाने कित्येकांनी पीपीएफचं खातंही उघडलं, जे आज पंधरा वर्षं पुरी होऊन हातात आलंय. धाक गेला, सवय लागायचं एक निमित्तही गेलं. नव्या पोरांच्या हातात पैसा जास्त उरतो आणि तो कुठे जातो? आमच्या टीममधला एक जण लंच टाइममध्ये मोबाइलवर ऑप्शन्स खेळतो. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे जाहीर केले होते, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे-ऑप्शन्स करणाऱ्या दर शंभर वैयक्तिक लोकांपैकी त्र्याण्णव तोट्यात, एकूण तोटा एक लाख ऐंशी हजार कोटींच्या वर. मी त्याला दाखवलं. तो म्हणाला, "सर, मग सात जण तर जिंकलेत ना!" आता यावर काय बोलणार.

दुसरं कारण माझ्याच घरात आहे. माझी मुलगी नोकरीला लागली. मी हौसेने एक्सेल उघडली. तिने माझ्यासमोरच प्रश्न संगणकाला विचारला, जुनी करप्रणाली की नवी, घरभाडं इतकं, पीएफ इतका. वीस सेकंदांत उत्तर. मी ताडून पाहिलं. बरोबर! वर माझ्या एक्सेलमधली एक चूकही सापडली, जी बहुधा दोन वर्षं तशीच होती. ज्या धंद्यात मी पोट भरतो तोच धंदा माझा छंद खाऊन टाकणार, हे मान्य करायला वेळ लागला. असो.

पण यंत्र विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतं. आणि एकोणीस वर्षांत मी काही शिकलो असेन तर हे, की माणूस विचारायला येतो तो प्रश्न बहुतेक वेळा त्याचा नसतोच. गेल्या वर्षी एक गृहस्थ आले. "टर्म इन्शुरन्स कुठला घ्यावा?" चांगला प्रश्न. मी रक्कम काढायला बसलो. कर्जं किती? घराचं एक, गाडीचं एक. आणखी काही? नाही. सगळे उठले, कप गोळा करताना ते हळूच म्हणाले, "मेव्हण्याला जामीन राहिलोय, पण ते काही माझं कर्ज नाही ना?" वाचकहो, ते 'काही माझं कर्ज नाही' किती लाखांचं होतं ते सांगत नाही. १८७२ च्या करार कायद्यात कलम १२८ आहे. जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच, करारात वेगळं काही म्हटलं नसेल तर. म्हणजे बँकेने आधी मेव्हण्याच्या मागे लागून दमायचं आणि मग यांच्याकडे यायचं, असा काही क्रम नाही. सरळ यांच्या दारात येऊ शकते. ते गृहस्थ मटकन खाली बसले. तो प्रश्न त्यांनी कुठल्याही यंत्राला विचारला नसता, कारण तो प्रश्न आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं. मलाही कळला तो कप उचलताना.

म्हणून बैठक चालू ठेवावी? इतकं सोपं असतं तर मी रविवार घालवला नसता. खरं अडतंय ते दुसरीकडेच. इतकी वर्षं मी ते बैठकीत कधी बोललो नाही.

पुणेकराला सहकारी बँकेचं प्रेम असतं. कोपऱ्यावरची शाखा, मराठी बोलणारा मॅनेजर, दिवाळीला भेटकार्ड, आणि ठेवीवर अर्धा-पाऊण टक्का जास्त. त्या प्रेमाची किंमत या शहराने मोजलेली आहे. रुपी बँक १९१२ साली स्थापन झालेली, पुण्याची. फेब्रुवारी २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. विलीनीकरणाच्या बातम्या येत राहिल्या, एकही तडीस गेली नाही, आणि २२ सप्टेंबर २०२२ पासून परवाना रद्द. रिझर्व्ह बँकेने तेव्हा सांगितलं की नव्याण्णव टक्क्यांहून जास्त ठेवीदारांना त्यांची पूर्ण रक्कम विम्यातून मिळेल. ते खरंच. कारण मधल्या काळात, फेब्रुवारी २०२० मध्ये, विम्याची मर्यादा एक लाखाची पाच लाख झाली होती, आणि २०२१ च्या कायद्यातल्या बदलाने निर्बंध लागल्यावर नव्वद दिवसांत विम्याचे पैसे द्यायची सोय झाली. ती एक लाखाची मर्यादा १९९३ पासून हललेली नव्हती. सत्तावीस वर्षं!

पण नऊ वर्षं थांबून पूर्ण रक्कम मिळणं म्हणजे काय, याचा हिशेब करा. बहात्तरचा नियम सगळ्यांना माहीत आहे, बहात्तरला व्याजदराने भागलं की पैसे दुप्पट व्हायची वर्षं येतात. आठ टक्क्यांनी नऊ वर्षं. म्हणजे जो पैसा एव्हाना दुप्पट व्हायचा तो जवळपास तेवढाच परत आला. आणि पाच लाखांच्या वर ज्यांचं होतं, निवृत्तीची सगळी पुंजी ज्यांनी एकाच ठिकाणी ठेवली होती, ते त्या उरलेल्या एका टक्क्यात. टक्केवारीत ती माणसं दिसत नाहीत.

हे सगळं मी बैठकीत तक्ते काढून सांगायचो. विमा प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदाराला वेगळा, एकाच बँकेच्या चार शाखांत ठेवलं तर सगळं एकत्रच धरतात, जोडखात्यात नावांचा क्रम बदलला तर ते वेगळं धरतात, वगैरे वगैरे. मला पाठ होतं. आणि तरीही २०१४ मध्ये आत्याने फोन केला, "अरे, तुझ्या काकांचे चार लाख आलेत, कुठे ठेवू?" तेव्हा मी काय सांगितलं? सरकारी बँकेत नऊ टक्के, तुमच्या गावातल्या बँकेत पावणेदहा. तिथले संचालक आपल्या ओळखीचे, काका त्यांच्याबरोबर तालमीत होते. ठेव तिथे. ऑफिसात होतो, मीटिंग सुरू होणार होती, फोन दोन मिनिटांत संपवला. एक लाखाचा तक्ता मला त्या दोन मिनिटांत आठवला नाही असं नाही. आठवला होता. वाटलं, आपल्या माणसांत काय होणार आहे.

२०१७ मध्ये निर्बंध आले, २०१९ मध्ये परवाना गेला. म्हणजे मर्यादा वाढायच्या आधीच. (बँकेचं नाव घेत नाही, तालुक्याच्या गावची छोटी बँक होती, आणि चूक माझी होती.) एक लाख विम्याचे मिळाले. उरलेले तीन लाख अवसायकाकडे. तिथून पहिल्यांदा थोडं काहीतरी आलं, त्यानंतर काही नाही. पाऊण टक्का म्हणजे चार लाखांवर वर्षाला तीन हजार रुपये. तीन लाख घालवून तीन हजार जास्तीचे. भागाकार केला तर शंभर वर्षं येतात. आत्या तेव्हा अडुसष्ट वर्षांची होती.

चार बँकांत एक-एक लाख, असं सांगायला फार तर आणखी दोन मिनिटं लागली असती.

त्यानंतरच्या बैठकांत मी काय करायचं? उभं राहून लोकांना शहाणपणा शिकवायचा? २०१३ पासून सेबीचे नियम आहेत, मोबदला घेऊन गुंतवणुकीचा सल्ला द्यायचा तर नोंदणी हवी. असे नोंदणीकृत सल्लागार अख्ख्या देशात हजाराच्या आसपास. माझा सल्ला फुकट, म्हणून मला कुणी विचारत नाही. पण नोंदणीकृत माणसाला निदान लिहून ठेवावं लागतं की काय सांगितलं आणि का सांगितलं. मला ते बंधन नव्हतं. फुकटच्या सल्ल्याची किंमत ऐकणारा भरतो, आणि देणारा चहा पिऊन घरी जातो. ज्यांना मी २००७-०८ मध्ये "शेअर बाजार लांबच्या मुदतीत चढतोच" असं सांगितलं, त्यातले काही मार्च २००९ च्या तळाला विकून बाहेर पडले असतील. मला काय माहीत? ते परत आलेच नाहीत. जे आले त्यांचं भलं झालं होतं, म्हणून ते आले. आम्ही संगणकवाले याला वेगळं नाव देतो, पण घरात याला आपली आपण पाठ थोपटणं म्हणतात.

या जानेवारीच्या बैठकीत हे सगळं पहिल्यांदा सांगितलं, आत्याच्या चार लाखांसकट. सहा जणांसमोर. योगावाले दोघंही थांबले होते. कुणी काही बोललं नाही. मग एका आजींनी पिशवीतून तीन पासबुकं काढली आणि म्हणाल्या, हे जरा बघता का. तिन्ही एकाच बँकेची, तीन शाखांची. त्या दिवशी माझी एक्सेल उघडलीच नाही. पासबुकंच बघितली, सात वाजेपर्यंत.

आता बैठक चालू राहिली तर ती तशीच चालवावी असं वाटतंय. कर कसा वाचवायचा, कुठला फंड घ्यायचा हे नाही. ते लोकांनी मुलांना विचारावं, मुलांनी यंत्राला विचारावं. आपापले कागद घेऊन यायचे आणि मी फक्त प्रश्न विचारायचे. जामीन कुणाला आहात? वारस म्हणून कुणाचं नाव लावलंय, ते माणूस हयात आहे का? बायकोला खात्यांची नावं माहीत आहेत का? आणि "कुठे ठेवू" असं कुणी विचारलं, तर उत्तर फोनवर द्यायचं नाही. तेवढं तर नक्कीच.

आत्याचं सांगायचं राहिलं. तिने मला आजवर एक शब्दाने बोल लावला नाही. दिवाळीत भाऊबीजेला बाबांकडे आली होती तेव्हा तिच्या हातात पेपरचं कात्रण होतं. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवीला चार नॉमिनी लावता येतात, एकाच वेळी टक्के वाटून किंवा एकामागून एक. तिला दोन मुलगे, एक मुलगी आणि धाकटी जाऊ. म्हणाली, "टक्के लावले तर भांडतील. एकामागून एक लावले तर पहिला कोण, म्हणून भांडतील. तू सांग."

मी म्हटलं, आत्या, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो पैसे घेऊन खऱ्या वारसांना देणारा. वाटणी करायची तर मृत्युपत्र कर. ती म्हणाली, "ते मला माहितीये रे. पहिला कोण ते सांग."

अजून सांगितलेलं नाही. शनिवारी तिला हॉलवर घेऊन येतोय, कागद घेऊन. सेक्रेटरींना फोन केला आत्ताच, मार्चपर्यंत तरी हॉल ठेवा म्हटलं. ते म्हणाले, योगावाले साडेसहाला येतात, तेवढं सात वाजवू नका.