डबी फोडा, नाणं नको!

होस्टेलवर नाणी जमवणारी आम्ही पाच-सहा टाळकी आहोत. सीलबंद प्लॅस्टिकच्या डबीतलं नाणं बाहेर कसं काढायचं, हा प्रश्न आम्हाला कधी ना कधी पडतोच. त्यावर मजल्यावरचं ठरलेलं उत्तर : "हाण हातोडा!" माझा विरोध डबी फोडायला नाही, या हातोड्याला आहे.

आधी 'का काढायचं' ते बघू. अमेरिकेतल्या पीसीजीएस (१९८६) आणि एनजीसी (१९८७) या कंपन्या नाणं तपासतात, ७० पर्यंतच्या मापावर त्याला श्रेणी देतात आणि चपट्या डबीत बंद करतात. यालाच 'स्लॅब' म्हणतात. डबी फुटली की श्रेणीची हमी संपली. तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीचा १८३५ चा, चौथ्या विल्यमचा रुपया पुढेमागे विकायचा असेल तर तो आतच राहू द्या. नुसतं 'हातात घेऊन बघू' म्हणून फोडणं मला तरी पटत नाही. पण आजोबांच्या बाकीच्या नाण्यांसोबत तो अल्बममध्ये लावायचा असेल, तर जरूर काढा. नाणं शेवटी आपलं आहे, प्लॅस्टिकचं नाही.

आता फंडा समजून घ्या. स्लॅबचे दोन भाग डिंकाने चिकटवलेले नसतात, कडेने अल्ट्रासॉनिक वेल्डिंग केलेलं असतं. (हो, तेच! व्हायवाला विचारतात आणि आपण छताकडे बघतो.) म्हणजे जोड कडेला आहे आणि नाणं मधे, एका मऊ कड्यात बसलेलं. मग जोर कुठे लावायचा? कोपऱ्यावर! हातोडा मधे बसला की कडक प्लॅस्टिकच्या धारदार चिपा उडतात, त्यातली एखादी नाण्यावर घासते. त्या रुपयात ९१.७ टक्के चांदी आहे, म्हणजे धातू मऊ. एकदा पडलेला ओरखडा कायमचा.

बरोबर पद्धत कंटाळवाणी आहे. डोळ्यांवर गॉगल. टेबलावर जाड टॉवेल. स्लॅब पारदर्शक पिशवीत घालून एक कोपरा वायर कापायच्या कटरने किंवा बेंच व्हाइसच्या जबड्यात हळूहळू दाबायचा. 'टक्' असा आवाज आला की थांबायचं, मग शेजारचा कोपरा. कडेला फट दिसली की त्यात चपटा स्क्रू-ड्रायव्हर जेमतेम टोकापुरता घालून पिळायचा, आत खुपसायचा नाही. वरचा भाग सरळ वर उचलायचा, सरकवायचा नाही.

काही महाभाग नेलपॉलिश रिमूव्हर सुचवतात. त्यातलं ॲसिटोन असलं प्लॅस्टिक विरघळवतं आणि तो चिकट राडा नाण्यावर बसतो. शिवाय खोलीत कॉइल चालू असताना ॲसिटोन उघडणं म्हणजे आगीला आमंत्रण!

गोल कॅप्सूल नखाने उघडते, तिच्यासाठी एवढं टेन्शन नको. पुठ्ठ्याच्या चौकोनी होल्डरमध्ये मात्र आधी स्टेपलरच्या सगळ्या पिना काढा. एक पिन राहिली आणि नाणं बाहेर ओढलं की तिचं टोक राजाच्या गालावरून फिरतं.

बाहेर आलेलं नाणं फक्त कडेने धरा. पुसू नका. चिंच, राख, भांड्यांची पावडर तर अजिबात नको, चमक येते आणि किंमत जाते. ठेवायला पॉलिएस्टरचं पाकीट घ्या. स्वस्तातल्या मऊ पीव्हीसीच्या पाकिटातून कालांतराने रसायन झिरपतं आणि नाण्यावर हिरवट चिकट थर चढतो. स्लॅबमधली चिठ्ठी फेकू नका, नाण्याबरोबर जपा. हमी गेली तरी नाण्याची ओळख राहते.

आता थोडं वर्कशॉपच्या सरांसाठी. सर, फिटिंगच्या बाकावर आम्ही अख्खं सेमिस्टर एक चौकोनी तुकडा घासतो. पण प्रॅक्टिकल सोडून व्हाइसला हात लावायचा म्हटलं की परवानगीचा अर्ज, त्यावर दोन सह्या, आणि शेवटी 'नंतर बघू'. म्हणून पोरं खोलीत कॉटच्या लोखंडी पायावर डबी ठेवून हाणतात, आणि कधीतरी ती चीप कुणाच्या डोळ्यात जाईल. महिन्यातून एका शनिवारी दुपारी अर्धा तास एक व्हाइस आम्हाला द्या. गॉगल आमचे आम्ही आणू, आणि बाक झाडूनही देऊ.