घर न्हाणीपाशी संपत नाही

गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीतील तळमजल्यावरच्या एका बिऱ्हाडात न्हाणीतून काळे पाणी उलटे वर येऊ लागले, तेव्हा चार मजल्यांवरील सोळा कुटुंबांपैकी एकासही त्या पाण्याचा मार्ग ठाऊक नाही, ही गोष्ट प्रथमच सर्वांच्या ध्यानात आली. दप्तरातून इमारतीचे नकाशे काढले. त्यांत दिवाणखाने होते, गच्ची होती, वाहने लावण्याच्या जागा होत्या, सांडपाण्याच्या नळांची रेषा मात्र कोठेच नव्हती. अखेर एक वृद्ध प्लंबर आले. अंगणातील फरशीवर पहारीने ठोकत, आवाज ऐकत, त्यांनी तुळशीच्या आणि जास्वंदीच्या कुंड्यांखाली दडलेले चेंबर हुडकून काढले व झाकण उचलले. बांबूच्या लांब पट्ट्या आत सारल्या, त्या काही हातांवर अडल्या. सोबतचा विशीतला मुलगा सदरा काढू लागला आणि जमलेल्या मंडळींपैकी कोणीतरी अगदी सहज म्हणाले, "उतर रे जरा, पाच मिनिटांचं तर काम आहे." वृद्ध कारागिराने त्या मुलाचा दंड धरला. "साहेब, हा उतरणार नाही," ते म्हणाले. "गाडी बोलवा. तोवर झाकण उघडं राहू द्या, आणि वर कुणी नळ सोडू नका."

गाडी दोन तासांनी आली. तिच्या दाबाच्या पाण्याने जे बाहेर पडले, त्यात साबणासारखे थिजलेले तेलातुपाचे थर होते, केसांचे गुंते होते आणि वरवंट्याएवढा सिमेंटचा एक गोळा होता. वरच्या एका घरात फरशा बदलल्या, तेव्हा गवंड्यांनी घमेली न्हाणीत धुतली होती, त्याचा तो अवशेष. ज्या घरातून तो आला, तेथील माणसे सुशिक्षित व सज्जन आहेत. परंतु जाळीतून खाली गेलेली वस्तू जगातून नाहीशी होते, ही आपणा सर्वांची दृढ समजूत आहे, आणि त्या समजुतीची किंमत खाली कोणीतरी भरत असतो.

वस्तुतः ही न्हाणी म्हणजे विचारपूर्वक केलेली योजना आहे. फरशीखालच्या ज्या भांड्यात पाणी साठून राहते, त्यास भारतभरचे बांधकाम करणारे 'नहाणी ट्रॅप' म्हणतात; आपल्या घरातला शब्द स्थापत्याच्या पुस्तकांत जाऊन बसला, याचे कौतुक वाटावे. त्यातील सुमारे दोन इंच पाणी गटारातील वायूला घरात शिरू देत नाही. घर महिनाभर बंद राहिले की ते आटते व दुर्गंधी येऊ लागते. तिथे महागडे सुगंधी द्रव्य नको, तांब्याभर पाणी पुरते. गच्चीपर्यंत गेलेला मोकळ्या तोंडाचा नळ त्या वायूला वरच्या वर वाट देतो. अठराव्या शतकात पेशव्यांनी कात्रजचे पाणी पुण्यात आणले, ते पिण्याचे, निर्मळ पाणी. तरी त्या मार्गावरही ठिकठिकाणी 'उच्छ्वास' बांधले होते. बंदिस्त प्रवाहालाही श्वास लागतो, हे त्या कारभाऱ्यांना उमगले होते. गच्चीवरचा नळ कुरूप दिसतो म्हणून तो कापून टाकणाऱ्या आपणांस ते अद्याप उमगावयाचे आहे.

हा कोंडलेला वायूच माणसास मारतो. मैला कुजून निर्माण होणारा हायड्रोजन सल्फाइड थोडा असता सडक्या अंड्यासारखा वास देतो. प्रमाण वाढले की तो नाकाची शक्तीच हरण करतो, आणि वास गेला म्हणजे धोका टळला असे वाटून उतरलेला मनुष्य बेशुद्ध होतो. त्यास काढण्यासाठी दुसरा उतरतो, दुसऱ्यासाठी तिसरा. २०१९ च्या डिसेंबरात गोवंडीतील एका खासगी इमारतीची टाकी साफ करताना असेच तीन कामगार गेले. त्यांच्या विधवांना मुंबई उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले, आणि २०२१ साली प्रत्येकीस दहा लाख रुपये देण्याचा हुकूम झाला. संरक्षक साधनांवाचून कोणासही गटारात वा मैल्याच्या टाकीत उतरविणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरविले असून पहिल्याच अपराधास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने मृताच्या कुटुंबाची भरपाई तीस लाखांवर नेली. कायदा अपुरा नाही. परंतु तो सरकारी खात्यांसाठी आहे असे मानून आपण निश्चिंत असतो. वास्तविक "उतर रे जरा" असे म्हणणारा प्रत्येक चिटणीस त्याच्या कक्षेत येतो.

यासंबंधी एक जुना दाखला आठवतो. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात गांधीजींचे अनुयायी अप्पासाहेब पटवर्धन यांनी मैलासफाईचे काम आपणांस मिळावे म्हणून आग्रह धरला, तो नाकारला जाताच अन्न वर्ज्य केले, आणि येरवड्यात गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपवास आरंभिला. जे काम जन्माने एका जातीच्या माथी मारले गेले होते, ते हक्क म्हणून मागणारा हा कोकणचा माणूस पुढे कणकवलीजवळ गोपुरीत मैल्याच्या खताचे व सुधारलेल्या संडासांचे प्रयोग करीत राहिला. आपणांकडून एवढ्या तपश्चर्येची अपेक्षा कोणी करीत नाही. अपेक्षा केवळ नीट कारभाराची आहे.

त्या कारभारात अवघड असे काही नाही. सांडपाण्याच्या मार्गाचा नकाशा करून दप्तरी ठेवावा. दरवर्षी वळवाच्या पावसाआधी सर्व चेंबर उघडून यंत्राने धुवावेत व त्याची तारखेनिशी नोंद करावी. घरात फरशीकाम काढणाऱ्याकडून सिमेंट न्हाणीत न धुण्याची लेखी हमी घ्यावी. आणि माणूस न उतरविण्याची अट ठेकेदाराच्या करारात प्रथम लिहावी. यंत्राला खर्च येतो, असे म्हणणाऱ्यांनी सहकारी गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी उघडून पाहावेत: बांधकामखर्चाच्या किमान पाऊण टक्का रक्कम दरवर्षी दुरुस्ती व देखभाल निधीत जमा करावी, असे त्यांत नमूद आहे. तो निधी प्रवेशद्वाराच्या संगमरवरावर आणि रोषणाईवर आटतो, म्हणून तळाच्या मरामतीला पैसा उरत नाही. अरुंद बोळांत मोठी गाडी शिरत नाही, हेही खरे. तेथे लहान यंत्रे मागविण्याची तजवीज नगरपालिकेने करावी आणि ती होईपर्यंत पाठपुरावा आपण करावा. बोळ अरुंद आहे, ही कोणाच्या मुलाला खाली उतरविण्याची सबब होऊ शकत नाही.

आमच्या अंगणातील कुंड्या आता भिंतीलगत सरकविल्या आहेत, आणि त्या वृद्ध कारागिराने कोळशाने फरशीवर काढून दाखविलेली नळांची रेषा कागदावर उतरवून मीटरच्या फळीशेजारी लावली आहे. पुढील सर्वसाधारण सभेस आपण जाल, तेव्हा हिशेब मंजूर करण्यापूर्वी एवढेच विचारा: आपल्या इमारतीचे शेवटचे चेंबर कोठे आहे, ते मागे केव्हा उघडले, आणि त्या दिवशी आत कोण उतरले होते?