मत आणि माप

इतिहासाच्या शिक्षकाने इंजिनाविषयी लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु गेल्या उन्हाळ्यात एका माजी विद्यार्थ्याच्या गॅरेजमध्ये अर्धा दिवस बसलो आणि पुरावा कसा पारखावा, याचा धडा तेथे मला मिळाला.

ट्रॅक्टरचे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन खोललेले होते. ऑइलचा दाब उतरला होता, खालून ठोक्याचा आवाज येत होता. धुऊन पुसलेला क्रँकशाफ्ट आरशासारखा चकाकत होता. शेजारच्या वयस्कर मिस्त्रींनी नख फिरवून निकाल दिला, "क्रँक चांगला आहे. नवी बेअरिंगे घाल." विद्यार्थी नम्रपणे म्हणाला, "काका, आधी मोजून पाहू."

प्रथम त्याने मायक्रोमीटरच तपासला. प्रमाण दांडीवर त्याचे माप बरोबर येते की नाही, ते पाहिले. मग पाच मेन जर्नल आणि चार क्रँकपिना मोजल्या. प्रत्येकीच्या दोन्ही टोकांजवळ आणि प्रत्येक ठिकाणी काटकोनातील दोन दिशांनी, अशी छत्तीस मापे त्याने वहीत उतरवली. एकाच ठिकाणच्या दोन दिशांतील फरक म्हणजे ओव्हॅलिटी आणि दोन टोकांतील फरक म्हणजे टेपर. शेवटी शाफ्ट व्ही-ब्लॉकवर ठेवून, डायल गेज लावून हळूहळू फिरवला आणि वाक तपासला.

तिसरी क्रँकपिन एका दिशेने ५९.९८, तर दुसऱ्या दिशेने ५९.९२ मिलिमीटर भरली. फरक जेमतेम केसाच्या जाडीएवढा. तरी पुस्तिकेतील मर्यादेबाहेरचा. नखाला ओरखडा कळतो, लंबगोल झीज कळत नाही. मिस्त्रींनी चष्मा लावून आकडा स्वतः वाचला आणि म्हणाले, "ग्राइंडिंगलाच पाठव." चारही क्रँकपिना ०.२५ अंडरसाइज करून त्या मापाची बेअरिंगे घालायचे ठरले. जुन्या पिनेवरच नवी बेअरिंगे चढली असती, तर ऐन पेरणीत इंजिन पुन्हा उघडावे लागले असते आणि भाड्याने ट्रॅक्टर चालवणाऱ्या त्या शेतकऱ्याचा हंगाम बुडाला असता.

परतताना मी अस्वस्थ होतो. याच मुलाला आम्ही शिक्षकांनी दहावीत 'अभ्यासात बेताचा' ठरवले होते. त्या निकालामागे एका परीक्षेखेरीज कोणते माप होते? आम्ही एकाच ठिकाणी, एकाच दिशेने मोजले आणि आयुष्यभराचा शिक्का मारला.

बुद्धी एकाकडे आणि श्रम दुसऱ्याकडे, अशी वाटणी जातिव्यवस्थेने शतकानुशतके जोपासली. आपल्या शाळाही 'हुशार' मुले विज्ञानाकडे आणि उरलेली आयटीआयकडे पाठवून तीच वाटणी नकळत पुढे चालवतात. तो गॅरेजमध्ये करत होता, ते गणितही होते आणि विज्ञानही. म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक निवासी शाळेच्या प्रयोगशाळेत एक मायक्रोमीटर, एक डायल गेज आणि भंगारातून आणलेला एक क्रँकशाफ्ट असावा. आठवीपासून प्रत्येक मुलामुलीने तो स्वतः मोजावा, आकडे वहीत लिहावेत आणि शेजाऱ्याकडून पडताळून घ्यावेत. शिक्षकांचे अंदाज चुकलेले आढळले, तर तेही त्याच वहीत नोंदवावेत.