धमनीतील दाह आणि दोन औषधांतील दरी

मुरबाड तालुक्यातील धसई डिसेंबर २०१६ मध्ये 'रोकडरहित गाव' म्हणून देशभर गाजले. कार्डाची यंत्रे गावात झटपट पोहोचली; हृदयविकाराविषयीच्या नव्या ज्ञानाचा प्रवास मात्र इतका वेगवान नाही.

हृदयाच्या धमन्या केवळ चरबी साचल्याने कठीण होतात, ही समजूत आता अपुरी ठरली आहे. धमनीच्या अस्तरात कोलेस्टेरॉल अडकले, की रक्तातील मोनोसाइट या पांढऱ्या पेशी तेथे धाव घेतात. भक्षक पेशींचे रूप घेऊन त्या चरबी गिळतात, फुगतात आणि तेथेच मरतात. दाह धुमसत राहतो. चरबीवरील आवरण पातळ होऊन फाटले, की रक्ताची गुठळी होते आणि झटका येतो. संरक्षणासाठी आलेले सैन्यच तट पोखरते, असा हा प्रकार.

अमेरिकेतील रसेल रॉस यांनी १९९९ मध्येच हा विकार दाहजन्य असल्याचे मांडले होते. रुग्णांवरील ठोस पुरावा २०१७ मध्ये आला. दहा हजारांवर रुग्णांच्या चाचणीत कॅनाकिनुमॅब या इंजेक्शनाने कोलेस्टेरॉल न घटवताही झटका, पक्षाघात व हृदयविकाराने होणारे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी कमी केले. पण प्राणघातक जंतुसंसर्ग वाढले आणि वर्षाचा खर्च लाखोंच्या घरात. क्षयरोग ठाण मांडून बसलेल्या देशात प्रतिकारशक्ती दडपणे हा साधा विषय नव्हे.

आशा होती ती कोल्चिसिनकडून. गाउटवरील ही जुनी, स्वस्त गोळी. २०१९ च्या चाचणीत तिने झटक्यानंतरचे धोके २३ टक्क्यांनी घटवले. २०२३ मध्ये अमेरिकेने तिला हृदयविकारासाठी मान्यता दिली. मात्र २०२४ मध्ये सात हजार रुग्णांच्या मोठ्या चाचणीत लाभ दिसला नाही. मूत्रपिंड दुबळे असणाऱ्यांना ती घातकही ठरू शकते. स्वस्त आहे म्हणून दुकानातून आणून घ्यावी, अशी ती नव्हे.

दक्षिण आशियाई माणसाला पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी, साधारण त्रेपन्नाव्या वर्षी येतो, असे २००७ मधील अभ्यास सांगतो. ग्रामीण आरोग्य केंद्रांत तिशीनंतर रक्तदाब आणि साखर तपासली जाते. दाहाची मोजणी त्यात नाही. ती नसली तरी फार अडत नाही. विडीचा आणि चुलीचा धूर याच पेशींना चेतवतो, हे ठाऊक आहे. रक्तदाबाच्या व कोलेस्टेरॉलच्या गोळ्याही स्वस्त आहेत. प्रश्न त्या वर्षभर अखंड मिळण्याचा आणि भातलावणीच्या घाईत पाकीट संपले, तर नवे कोण आणणार, याचा आहे.