बर्लिनमधल्या इरावतीबाई

१९२८ साली मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे बर्लिनला शिकायला निघाल्या, तेव्हा स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या सासऱ्यांचा, महर्षी कर्व्यांचाच, विरोध होता. पैशांची सोय झाली ती काँग्रेसमधल्या जीवराज मेहतांनी दिलेल्या कर्जातून.

तिथले मार्गदर्शक ऑयगन फिशर गोऱ्या वंशाला श्रेष्ठ मानणारे. बाईंनी कवट्यांच्या दोन्ही बाजू मोजल्या, ताडून पाहिल्या आणि त्यांतल्या फरकाचा वंशाशी संबंध नाही, असं प्रबंधात लिहिलं. परक्या शहरात, साक्षात गुरूसमोर! आम्हाला हे धैर्य पदवीहून मोठं वाटतं.

आज मालवण-कुडाळची मुलंही जर्मनीत शिकायला जाण्यासाठी म्युनिक-स्टुटगार्टची चौकशी करतात. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच खात्यात लागतात; घर मिळालं की दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा. मुलांनो, जर्मन मात्र इथूनच पक्की करून निघा.