कॅमेरा कोणाच्या हातात?

कादंबरी शिकवताना वर्गात एक प्रश्न हमखास विचारावा लागतो : ही गोष्ट नेमकी कोण पाहते आहे? नायक, सर्वज्ञ निवेदक, की समोरच्या ओसरीवर बसलेली म्हातारी? पाहणारा बदलला की गोष्ट बदलते, हे विद्यार्थ्यांच्या गळी उतरवायला दोन-दोन तास जातात. पण ज्या मुलाने व्हिडिओ गेम खेळला आहे, त्याला ते दोन मिनिटांत कळते. कारण त्याच्या खेळात निवेदकाला एक सरळ नाव आहे : कॅमेरा.

खरे तर या खेळात कॅमेरा नसतोच. असतात ते काही आकडे. पाहणारा कुठे आहे हे सांगणारे तीन आकडे, तो कुठे तोंड करून आहे हे सांगणारे आणखी काही, आणि त्याची नजर किती रुंद आहे हे सांगणारा एक. यंत्र हे आकडे वाचते आणि तेवढेच दृश्य पडद्यावर रंगवते. निंटेंडो कंपनीच्या १९९६ सालच्या ‘सुपर मारिओ ६४’ या खेळात तर निर्मात्यांनी या अदृश्य निवेदकाला देह दिला आहे. ढगावर बसून, काठीला कॅमेरा लटकवून मारिओच्या मागे फिरणारा लाकितू नावाचा प्राणी हाच तिथला कॅमेरामन. किल्ल्यातल्या आरशाच्या खोलीत मारिओ गेला की त्याच्यामागे तरंगणारा लाकितूही आरशात दिसतो. निवेदक वाचकाला आपला चेहरा दाखवतो आहे, असे क्षण साहित्यातही फार नाहीत.

आता समजा, या निवेदकाच्या हातातला कॅमेराच कोणी हिसकावून घेतला तर? घरबसल्या हा उद्योग करणारी मंडळी जगभर होती, आणि त्यांच्या हाती एक छोटेसे उपकरण होते. १९९०च्या सुमारास ब्रिटनच्या कोडमास्टर्स कंपनीने ‘गेम जिनी’ नावाची वस्तू तयार केली. खेळाची कॅसेट आणि यंत्र यांच्या मध्ये ती खोचायची, सहा किंवा आठ अक्षरांचा संकेत भरायचा, की मारिओला मरण नाही! ब्रिटनच्याच डेटेल कंपनीचे ‘अ‍ॅक्शन रिप्ले’ हे अशाच जातीचे उपकरण. अमेरिकेत त्याचा भाऊबंद ‘गेमशार्क’ या नावाने विकला जाई. मुलांच्या भाषेत याला ‘चीट मारणे’ म्हणतात. बहुतेकांनी ते अमर होण्यासाठी आणि फुकटची शस्त्रे मिळवण्यासाठी वापरले. पण काही थोड्यांना जिंकण्यात रस नव्हता. त्यांना कॅमेरा हवा होता.

तो मिळवायचा कसा, ही गंमत ऐकण्यासारखी आहे. निंटेंडो ६४ या यंत्राची स्मृती चार मेगाबाइटची. म्हणजे चाळीस लाखांहून अधिक खणांचे एक अवाढव्य कपाट समजा. प्रत्येक खणात एक आकडा. त्यांतल्या कोणत्या खणात कॅमेऱ्याची उंची ठेवली आहे, हे कोणी सांगत नाही. नायकाच्या प्राणांचा आकडा शोधणे त्या मानाने सोपे. पडद्यावर ‘तीन’ दिसतात, मग ‘तीन’ असलेले खण शोधायचे. कॅमेऱ्याची उंची मात्र पडद्यावर लिहिलेली नसते. तेव्हा शोधणारा खेळ थांबवून सगळ्या खणांची नोंद घेई. मग कॅमेरा थोडा वर नेई आणि उपकरणाला विचारी, कोणकोणते आकडे वाढले? मग खाली आणून विचारी, यांतले कमी किती झाले? मग काहीही न हलवता, यांतले जसेच्या तसे कोणते राहिले? अशा दहा-पंधरा फेऱ्यांत लाखांचे हजार, हजारांचे शंभर आणि शंभराचे पाच-सहा होत. मग एकेकाला हात लावून पाहायचे. कधी खेळ जागच्या जागी गोठे, कधी नायकाचे डोके भोपळ्याएवढे होई आणि कधी अचानक सगळे गाव पक्ष्याच्या नजरेने दिसू लागे. हरवलेली किल्ली शोधताना आपण ‘काल कुठे होती, सकाळी कुठे होती’ असे मागे मागे जातो ना, तसाच हा प्रकार.

एवढ्याने भागत नसे. उपकरण खणात नवा आकडा लिही, पण खेळाचा मूळ कार्यक्रमही दर क्षणी आपला आकडा तिथे लिहीत असे. दोघांच्या या रस्सीखेचीत पडद्यावरचे चित्र थरथरे. त्यावर हुशार मंडळींनी उपाय काढला. कॅमेरा हलवण्याची जी सूचना मूळ कार्यक्रमात आहे, तिच्याच जागी शून्य लिहून टाकायचे. सोनीच्या पहिल्या दोन प्लेस्टेशनमध्ये आणि निंटेंडो ६४ मध्ये ज्या घराण्याचे प्रोसेसर होते, त्यांच्या भाषेत निव्वळ शून्य म्हणजे ‘काही करू नकोस’. निवेदकाला गप्प बसवायला एक शून्य पुरले!

आणि मग जे दिसले, त्यात या साऱ्या खटाटोपाचे मोल आहे. आपल्या संगीत नाटकांतले रंगवलेले पडदे जुन्या वाचकांना आठवत असतील. राजवाड्याचा पडदा, रस्त्याचा पडदा, अरण्याचा पडदा. पहिल्या रांगेतून भव्य दिसणारा तो राजवाडा विंगेतून पाहिला की एक ढिले कापड असे. खेळातही तेच निघाले. १९९८ च्या ‘द लिजेंड ऑफ झेल्डा : ऑकरिना ऑफ टाइम’ मधला गजबजलेला बाजार हा बव्हंशी एक रंगवलेले चित्र आहे, माणसे तेवढी त्याच्यासमोर हिंडतात. दुसऱ्या खेळांत घरांना दर्शनी भिंत असते आणि मागे काहीच नसते. डोंगराची पाठ कोरी असते. यात फसवणूक नाही, काटकसर आहे. चार मेगाबाइटच्या संसारात जे दिसणार नाही, त्यावर खर्च करायचा नाही, हे आपल्या घरातल्या गृहिणीला वेगळे सांगायला नको. आणि कॅमेरा कुठपर्यंत जाईल हे आधी ठरल्यावरच कोणती भिंत बांधायची ते ठरते. निवेदक आधी, गाव नंतर.

कधी कधी मात्र मागे काही तरी सापडतेही. २०१४ साली प्लेस्टेशन ४ साठी ‘पी. टी.’ नावाचा एक छोटा भयखेळ आला. एकच बोळ, पुन्हा पुन्हा त्याच बोळातून चालायचे, आणि त्यात लिसा नावाचे भूत. खेळणाऱ्याला सतत वाटे की कोणी तरी आपल्या पाठीमागे आहे. २०१९ मध्ये लान्स मॅकडोनाल्ड या ऑस्ट्रेलियन जाणकाराने यंत्राचे कुलूप उघडून त्या खेळाचा कॅमेरा नायकाच्या डोळ्यांतून बाहेर काढला. तेव्हा दिसले की ती खरोखरच पाठीमागे आहे! हातात विजेरी आल्यापासून लिसा नायकाच्या पाठीला चिकटवलेली होती. हजारो लोकांनी जो भास म्हणून सोडून दिला, तो भास नव्हता, कारागिरी होती. कॅमेरा बदलला नसता तर त्या कारागिरांना दाद देणे राहून गेले असते.

पण वाचकहो, इथे एक खरा प्रश्न उभा राहतो. गोष्ट सांगणाऱ्याने जे झाकून ठेवले, ते उघडून पाहण्याचा आपल्याला अधिकार आहे का? हा प्रश्न कोर्टात गेला, आणि सगळीकडे एकच उत्तर मिळाले नाही.

अमेरिकेत निंटेंडोने ‘गेम जिनी’ विकणाऱ्या गॅलूब या खेळणी कंपनीवर दावा लावला. वर्षभर विक्री थांबली. १९९२ मध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला तो गॅलूबच्या बाजूने. न्यायालयाने दाखला दिला आपल्या ओळखीच्या शोभादर्शकाचा. काचेच्या तुकड्यांचे ते नळकांडे एखाद्या चित्रकाराच्या चित्रासमोर धरले, म्हणून त्या चित्राची चोरी होत नाही. खेळ विकत घेणाऱ्याने घरात तो आपल्या पद्धतीने पाहिला तर मूळ कॅसेटला धक्का लागत नाही. यंत्र बंद केले की सारे पूर्ववत.

जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये नेमका उलटा कौल दिला. ‘तोकिमेकी मेमोरियल’ हा प्रेमकथेचा खेळ. शाळकरी नायकाने अभ्यास, खेळ, स्वभाव यांत हळूहळू प्रगती करायची, तेव्हा कुठे नायिका प्रसन्न होणार. बाहेरच्या एका कंपनीने असे मेमरी कार्ड विकायला आणले, की नायक पहिल्या दिवसापासूनच सर्वगुणसंपन्न! न्यायालयाने म्हटले, यामुळे लेखकाने योजलेल्या मर्यादेबाहेर कथा जाते आणि कलाकृती अखंड ठेवण्याचा त्याचा हक्क भंग पावतो. वाङ्मयाच्या माणसाला हे म्हणणे सहजासहजी झिडकारता येत नाही. शेवटचे पान आधी वाचणारा वाचक कोणत्या लेखकाला आवडेल?

सोनी आणि डेटेल यांचा वाद जर्मनीतल्या हॅम्बुर्गपासून निघाला आणि युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत पोहोचला. विषय होता हातात धरून खेळायच्या यंत्रावरील मोटार शर्यतीचा एक खेळ. १७ ऑक्टोबर २०२४ रोजी त्या न्यायालयाने सांगितले की कार्यक्रमाची मूळ संहिता संरक्षित आहे. खेळ चालू असताना स्मृतीच्या खणांत जे आकडे येतात-जातात, त्यांना ते संरक्षण नाही. म्हणजे आपल्या कपाटाचेच उदाहरण घ्यायचे तर कपाट बनवणाऱ्याची रचना त्याची, पण खणात या घटकेला काय ठेवले आहे त्यावर त्याची मालकी नाही.

मला स्वतःला शोभादर्शकाचा न्याय पटतो, पण एका अटीवर. समोर दुसरा खेळाडू नसावा. दहा जण मिळून इंटरनेटवर खेळत असताना एकाने आपला कॅमेरा भिंतीपलीकडे नेला, तर ती जिज्ञासा उरत नाही. पत्त्यांच्या डावात दुसऱ्याच्या हातातली पाने पाहण्याला आपण जे म्हणतो, तेच ते. अशा खेळाडूंना कंपन्या बाहेर काढतात, ते योग्यच. एकट्याच्या खेळात मात्र फसवणार कोणाला? फार तर स्वतःला.

शिवाय प्रत्येक वेळी प्रश्न कुतूहलाचाच असतो असे नाही. नायकाच्या डोळ्यांतून दिसणाऱ्या खेळांत नजर फार अरुंद ठेवलेली असली, तर काहींना घाटातल्या बसमध्ये होते तसे मळमळते, डोके धरते. रुंद नजर म्हणजे जास्त वस्तू रंगवणे, म्हणजे यंत्रावर जास्त भार. म्हणून निर्माते हात आखडता घेत. एक आकडा वाढवून काहींना तो खेळ सुसह्य झाला. तसेच रुंद टीव्हीचे. जुना चौकोनी टीव्ही जाऊन चपटा, लांबट टीव्ही घरात आला आणि प्लेस्टेशन २ च्या कित्येक खेळांतली माणसे बुटकी आणि जाडी दिसू लागली. कंपन्या पुढच्या यंत्राच्या मागे लागल्या होत्या. मग हौशी मंडळींनीच एकेका खेळाच्या कॅमेऱ्याचे आकडे शोधून लांबट पडद्याचे संकेत तयार केले. वीस वर्षांपूर्वीचे खेळ आज नीट दिसतात, ते या लोकांच्या चिकाटीमुळे.

हा दरवाजा आता जवळपास बंद झाला आहे. पहिल्या प्लेस्टेशनच्या पाठीमागे असे उपकरण खोचायला एक खाच होती. शेवटच्या मॉडेलांत तीही काढून टाकली गेली. नंतरची यंत्रे कुलूपबंद आहेत. खेळ कॅसेटीत किंवा तबकडीत येण्याऐवजी तारेतून येतो, आणि तारेतूनच परत जाऊ शकतो. ‘पी. टी.’चेच पाहा. २०१५ मध्ये तो दुकानातून काढला गेला. ज्याच्या यंत्रात आधीपासून होता, त्याच्याकडेच उरला. पाठीमागची लिसा दिसली ती अशा उरलेल्या प्रतींमुळे. जी वस्तू आपण पैसे मोजून घेतो, ती उलटसुलट करून पाहण्याची मुभाही त्या पैशांत येते का, हा प्रश्न म्हणून फक्त पोरासोरांचा राहत नाही. मोबाइलपासून ट्रॅक्टरपर्यंत तोच प्रश्न आज आपल्या दारात उभा आहे.

तेव्हा घरातला मुलगा किंवा मुलगी ‘चीट मारतो आहे’ असे कानावर आले, तर लगेच आवाज चढवू नका. आधी एवढेच विचारा : समोर कोणी आहे का? असेल तर कान जरूर पकडा. नसेल आणि तो नुसताच जिंकत सुटला असेल, तर दोन दिवसांत स्वतःच कंटाळेल. सोपी जीत फार वेळ गोड लागत नाही. पण तो कॅमेरा उचलून घराच्या मागची बाजू पाहत असेल, तर जरा शेजारी बसा. गोष्ट कशी रचतात, काय दाखवतात आणि काय झाकतात, हे तो शिकतो आहे. पुढे वर्तमानपत्र वाचताना, भाषण ऐकताना आणि टीव्हीवरच्या बातम्या पाहताना तोच प्रश्न त्याला आपसूक पडेल : हा कॅमेरा कोणी, कुठे ठेवला आहे?