बकध्यान

भाषेने पाखरांवर जितका अन्याय केला आहे, तितका शिकाऱ्यांनीही केला नसेल. बगळा एका पायावर उभा राहिला, तर आपण त्याला ढोंगी ठरविले. हंसाला दूध आणि पाणी वेगळे करण्याच्या कामाला जुंपले. चक्रवाकाच्या जोडप्याची तर रोज रात्री ताटातूट करून त्यांना नदीच्या दोन तीरांवर रडत बसविले. वर्गात हे काव्यसंकेत शिकविता शिकविता माझी कित्येक वर्षे गेली. पाखरे मात्र पुस्तकातच राहिली होती.

त्यांना पुस्तकाबाहेर आणले ते कॅमेऱ्याने. भाच्याने नवा कॅमेरा घेतला, तेव्हा जुना माझ्या वाट्याला आला आणि त्याच्याबरोबर ४०० मिलिमीटरची एक लांबलचक लेन्सही आली. असली लेन्स घरात बसून काय कामाची? समोरच्या माणसाचे नाक तेवढे तिच्यात मावायचे! तिला दूरचे काही तरी दाखविणे भाग होते. म्हणून एका हिवाळ्यात मी भिगवणला गेले.

भीमेवरचे उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले आणि त्याच्या यशवंतसागराचे पाणी पार इंदापूर तालुक्यातल्या या गावापर्यंत पसरले. इथे ते उथळ आहे. पावसाळ्यानंतर पाणी हळूहळू ओसरू लागले, की काठाचा चिखल उघडा पडतो आणि त्यातले किडे, शेवाळे, शिंपले टिपायला पाखरांची पंगत बसते. कुंभारगाव, डिकसळ इथले मच्छीमार तुम्हांआम्हांला होडीतून ही पंगत दाखवून आणतात.

पहिला भेटला तो राखी बगळा. पाऊण तास मी त्याच्यावर लेन्स रोखून बसले होते. कोपरे होडीच्या काठावर टेकलेली, श्वास रोखलेला, बोट बटणावर. तोही हलेना, मीही हलेना. अखेर त्याची मान सुटली आणि चोचीत मासा चमकला, तेव्हा ध्यानी आले की त्याच्या उभे राहण्यात ढोंग कसले ते नव्हतेच. तो रोजच्या भाकरीचा उद्योग होता. खरे बकध्यान चालले होते ते माझे!

मग चक्रवाकांची जोडी दिसली. कोवळ्या उन्हात त्यांचा केशरी-तांबूस रंग असा उजळला होता, की नजर हटेना. रात्रभरच्या विरहाचे चिन्ह म्हणाल तर काही नव्हते. दोघे अगदी शेजारी उभे राहून निवांतपणे पिसे साफ करीत होते. पलीकडे पट्टकादंबांचा थवा होता. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेली ही हंसाच्या कुळातली पाखरे तिबेट-लडाखकडे वीण करतात आणि हिमालय ओलांडून आपल्याकडे येतात. दूध-पाणी निवडण्यापेक्षा ही करामत मला शतपटीने मोठी वाटली.

एका नावाला मात्र मी मनोमन हात जोडले. काळ्याभोर अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा असलेला एक पाणपक्षी आहे; त्याला मराठीत ‘वारकरी’ म्हणतात. हे नाव ज्याला सुचले, त्याने आधी पाखरू नीट पाहिले असणार. आधी पाहावे, मग नाव ठेवावे, हा क्रम कॅमेऱ्याने मलाही शिकविला. कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी पंख फडफडवीत थांबतो आणि दगडासारखा खाली कोसळतो. सेकंदाच्या २०००व्या भागात ते कोसळणे चित्रात थांबलेले पाहिले आणि त्या दिवसापासून हे वेड कायमचे लागले.

पण या वेडालाही एक काटा आहे. पुढच्या खेपेस रोहित पक्षी पाहायला गेले होते. शेदीडशे पक्षी चोची उलट्या करून पाणी गाळीत होते. नावाड्याने सवयीने विचारले, “उडवू का, ताई? सगळ्यांना उडतानाचाच फोटो पाहिजे असतो.” बसलेले रोहित पांढुरके दिसतात; पंख उघडले, की आतला गुलाबी रंग पेटतो. मोह पडावा असेच ते दृश्य. तिकडे दुसऱ्या होडीतून टाळ्यांचा आवाज येतच होता. परंतु या जड पाखराला उडण्यापूर्वी पाण्यावर धावत जावे लागते. दिवसातून दहा वेळा त्याला असे धाववायचे, तर त्याने खावे केव्हा? मी म्हटले, “नको दादा, लांबच थांबू.”

त्याने इंजिन बंद केले. बराच वेळ तो पाण्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “आमचं जुनं गाव ह्याच पाण्याखाली आहे, ताई. आम्ही उठलो, तेव्हा ही बसली. आता ह्यांना तरी कशाला उठवायचं?”

गाव उठणे हा वाक्प्रचार मी वर्गात कितीदा तरी समजावून सांगितला असेन. त्याचा अर्थ मला त्या होडीत समजला. उन्हाळ्यात पाणी फार आटले, म्हणजे पळसदेवचे बुडालेले जुने देऊळ वर येते. एरवी त्या साऱ्या गावांची खूण म्हणजे ही पाखरेच. नावाड्याचे पोटही आता त्यांच्यावरच चालते. ती उठली, तर तो दुसऱ्यांदा उठेल.

त्या दिवशी रोहितांचे उडतानाचे एकही चित्र मला मिळाले नाही. मिळाले ते मान खाली घालून जेवणाऱ्या पाखरांचे. फोटो म्हणून ते साधेच आहे. माझ्या टेबलावर मात्र तेच आहे.

हा अंक तुमच्या हाती पडेल, तोवर उत्तरेकडची बदके उजनीवर उतरू लागली असतील. रोहित पाणी ओसरल्यावर येतील. दिवाळीची पाहुणेमंडळी पांगली, की या पाहुण्यांकडे अवश्य जा. कॅमेरा असला तर न्या, नसला तरी अडत नाही. नावाड्याला तेवढे होडीत पाय ठेवतानाच सांगा: उडवू नका, आम्हांला घाई नाही.